रविवारी संध्याकाळी मेस बंद

दहा दिवस चालणार म्हणे हा रेस्टॉरंट वीक.
पुण्यात आठवडासुद्धा ऐसपैस.
पण आमच्या वाट्याला त्यातला एकच रविवार,
आणि रविवारातलीही संध्याकाळच.
एकतीस वर्षं दारावर पाटी आहे:
‘रविवारी संध्याकाळी मेस बंद. कारण विचारू नये.’

खिडकीजवळ जेवायला बसणाऱ्या ओजसने
फोनवर यादी काढून दिली. एकेचाळीस नावं.
तीन पदार्थ, ठरावीक दर, कर वेगळा.
मी ती वहीत उतरवून घेतली.
डाव्या पानावर दूधवाल्याचा हिशेब,
उजव्या पानावर बाणेर, औंध, कोरेगाव पार्क.

ह्यांनी पहिल्याच रात्री तेरा नावं खोडली.
जिथे वरण वेगळं, भात वेगळा, तूप तिसऱ्याच वाटीत
आणि त्याला कला म्हणतात, ते.
(‘आपल्याकडे उशिरा येणाऱ्याला तसंच मिळतं.’)
जिथे पार्किंग नाही, ते.
आमच्याकडे गाडी नाही.
मी मनातल्या मनात एकच खोडलं:
जिथे स्वयंपाकघर काचेतून दिसतं.
ह्यांना नेमकं तेच हवं होतं.
शेगडी कुठली, भांडी कोण घासतं,
तेल कितव्यांदा.
मला एक संध्याकाळ
फोडणी कुणी दिली, कधी दिली,
कळायला नको होतं.

बुधवारी भांडण झालं.
पोळ्या चालू असताना, म्हणजे हळू आवाजात,
पहिल्या पंगतीला ऐकू जाऊ नये इतकं.
‘तुला नक्की खायचंय तरी काय?’
माझं लाटणं थांबलं.
तव्यापाशी इंदुबाई होत्या. म्हणाल्या, ‘सांगा की वहिनी.’

काय सांगू?
नव्वद जणांची आवड मला पाठ आहे.
भेंडी कुणाला चालत नाही, ताक कोण दोनदा मागतो,
नांदेडच्या पोराला काहीच तिखट लागत नाही,
घरून फोन आला की कोण ताट तसंच ठेवतो.
माझं पान शोधायला वही चाळली
तर दूधवालाच निघाला.

शुक्रवारी तीन नावं उरली.
एक लांब, एक महाग,
एक ह्यांना उच्चारता येईना,
आणि जे उच्चारता येत नाही
तिथे टेबल मागायचं कुठल्या तोंडाने?
‘चिठ्ठ्या टाकू,’ म्हणाले.
‘उद्याची भाजी चिठ्ठ्या टाकून ठरवतो का आपण?’
मीच बोलले हे. मलाही नवल वाटलं.
रात्री ओटा पुसून झाल्यावर
लांबच्या नावाखाली रेघ मारली.
कारण विचारू नये.

नदी ओलांडून डेक्कनला मेट्रो धरली.
माझी डाळिंबी साडी,
ह्यांच्या खिशात सवयीने आलेला कूपनांचा गठ्ठा.
कल्याणीनगरला उतरून दोनदा रस्ता चुकलो,
दोन्ही वेळा ह्यांनी विचारू दिलं नाही.

काच होतीच. एका कोपऱ्यात,
आतले जाळ दिसतील एवढी.
ह्यांना तिकडे तोंड करून बसवलं.
मी पाठ केली.

पोरगेला वेटर आला. छातीवर नाव: नागेश.
‘आधी काय आणू, मॅडम?
भोपळ्याचं सूप की बिटाचं सॅलड?’
बीट आमच्याकडे सोमवारी. भोपळा गुरुवारी.
हे घाईघाईने म्हणाले, ‘काहीही चालेल.’
मी त्यांच्या हातावर हात ठेवला.
काहीही चालणार नव्हतं.

मेन्यू पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला,
सावकाश, अक्षर न् अक्षर, करासकट.
नागेश पेन धरून उभा.
मी त्याला उभं राहू दिलं.