खुलासा

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक, जत.
विषय : उमदी फेरीत परभाषेत बोलल्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून
इथवरचं चनबसू हिरेमठ, लिपिक, यांनी घालून दिलं.
आगारातली सगळ्यात स्वच्छ मराठी त्यांची.
घरी ते कानडी बोलतात.
पुढचं माझं मी लिहितो.

मेमोत मला वाहक म्हटलंय.
एकवीस वर्षांत गाडीत कुणी
ओ वाहक, अशी हाक मारलेली नाही.
अनुषंगाने, निदर्शनास, कसूर,
हे शब्दही मी नोकरीतच शिकलो,
कानडीच्या नंतर.

मी तासगावचा. द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेला.
भरतीला मराठी मागितली होती, ती होती.
पहिल्याच दिवशी मुचंडीला
डाळिंबाची पाटी घेऊन चढलेल्या बाईनं विचारलं, एष्टु?
मी म्हटलं, हो.
अख्खी गाडी संखपर्यंत हसत होती.
त्याच आठवड्यात शिकलो :
बर्री. कुंद्री. हिंद सरीरी.
चिल्लर इल्ल.
याचा भत्ता नाही. मागितलाही नाही.
फक्त उमदीची पाळी लावताना
साहेब, तुमच्याच टेबलावरून आवाज येतो :
तातोबाला लावा, त्याला येतंय.

आता त्या दिवसाचं.
माणूस मिरजेहून आलेला, जतला गाडी बदलून.
डोक्याला पटका, मांडीवर दवाखान्याची पिशवी,
पिशवीत रिपोर्ट, रिपोर्ट इंग्रजीत.
तिकीट फाडून झालं तरी त्यानं माझी बाही सोडली नाही.
बायकोच्या गळ्यातली गाठ काढून तपासायला दिलेली,
एवढं मला कळलं.
मागच्या सीटवर नर्सिंगची पोरगी होती, तिनं वाचलं.
अर्थ तिला लगेच लागला,
मराठी शब्द मोबाइलमध्ये शोधावा लागला :
निरुपद्रवी.

निरुपद्रवीला कानडीत काय म्हणतात
मला माहीत नाही, साहेब.
तिकिटाच्या कामात तो लागत नाही.
मी म्हटलं, एनू आगूदिल्ल. मनिगी होगरी. ऊटा माडरी.
काही होत नाही. घरी जावा. जेवा.
त्यानं परत विचारलं. मी परत सांगितलं.
दरीबडची येईपर्यंत तो विचारत होता
आणि मी सांगत होतो,
तेवढेच तीन तुकडे, मागं-पुढं करून.
तक्रारीतली दहा मिनिटं ती हीच.

हसण्याला भाषा नसते म्हणतात.
मला तसं दिसलं नाही.
तो कानडीतच हसला.

खिडकीपाशी एक गृहस्थ
जतपासून फोनवर इंग्रजीत बोलत होते, मोठ्यानं,
डेडलाइन, डेडलाइन.
त्यांच्याबद्दल कुणाचं काही आलं असल्यास कळवावे.
इंग्रजी परभाषेत धरायची की कसं, मेमोत नाही.
आणि दरीबडची, असं मी दारातून ओरडतो
ते कुठल्या भाषेत धरायचं, तेही नाही.

कसूर एक झालेली आहे, ती लिहून देतो.
बायको सांगते, झोपेत मी म्हणतो, हिंद सरीरी.
ती माझ्याच गावची, तिला अक्षर येत नाही.
तरी भिंतीकडं सरकते.

यापुढे फेरीत मराठीतच बोलेन,
असं लिहून द्यायला सांगितलंय.
तेच लिहायला बसणार होतो,
तर बोर्डावर नाव दिसलं :
सोमवार, सकाळी सात, उमदी.
खाली सही तुमची.
मेमोवरही तुमचीच.
दोन्हींपैकी कुठली पाळायची ते कळवावे.
तोंडी कळवलं तरी चालेल,
कुठल्याही भाषेत.

आपला विश्वासू,
तातोबा खोत
कंडक्टर