पहिलं पान

नवा फोन. पहिल्या पानावर
दोनच ओळी भरायच्या, बाकी मोकळं,
असं ठरवून पाथर्डी फाट्याच्या गॅलरीत बसले.

बँक राहू दे. वीजबिल मागच्या पानावर.
पावलं मोजणारं काढलंच,
जॉगिंग ट्रॅकवर मी किती चालते
ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहे.
नाशिकचं हवामान कशाला?
कठड्याबाहेर हात काढला की कळतं.
दहा मिनिटांत भाजी आणणारं
दोनदा काढलं, दोनदा परत घेतलं.

मग स्कूलबसचं.
अन्वय जूनपासून पुण्यात, होस्टेलला.
शाळेने माझं नाव अजून खोडलेलं नाही.
सहा चाळीसला रोज
पिवळा ठिपका निघतो,
इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडतो,
आमच्या फाटकासमोर न थांबता
पुढे जातो.
खैरनारकाका सवयीने हॉर्न देतात का,
ते नकाशात कळत नाही.

बोट दाबून धरलं.
सगळी चित्रं थरथरायला लागली,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक फुली.

आत चहा उतू गेला तेवढ्यात.

आता ते खाली आहे, अंगठ्याजवळ,
कॉल आणि मेसेजच्या मध्ये.
बँक गेली मागच्या पानावर.