याकूतमामूंचा कान

खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली मी,
डोंगरीतल्या आमच्या एकुलत्या एक खिडकीपाशी,
आणि म्हटलं, मामू, हलू नका.
हलायला मी काय क्रेन आहे, म्हणाले,
आणि तेवढ्यानंच हलले.

काळा रंग पिळलाच नाही.
ती ट्यूब डब्यात तशीच, टोपणासकट.
निळा घेतला, गोदीतल्या दुपारच्या पाण्याचा,
त्यात विटकरी, जरासा जांभळा,
आणि कपाळावर, जिथे खिडकी येऊन बसली होती,
तिथे चक्क पिवळा.
मामूंनी वाकून पाहिलं:
बाई गं, मी आंबा आहे का?

लहानपणी खडूंच्या पेटीत एक कांडी असायची,
तिचं नाव अंगाचा रंग.
कुणाच्या अंगाचा, ते लिहिलेलं नसायचं.
मी त्या कांडीनं अम्मीला रंगवलं,
घरी नेऊन दाखवलं,
तर ती विचारते, ही कोण पाहुणी?

चौथीत इतिहासाचा धडा आला.
जंजिरा. सिद्दी.
हजेरीत माझं नाव सिद्दी नफीसा.
बेचाळीस माना एकदम वळल्या,
जणू किल्ल्याचा दरवाजा मीच आतून लावून घेतला होता.
बाई चांगल्या होत्या, धडा त्यांनी लवकर आटोपला.
संध्याकाळी मामूंनी शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली:
किल्ला आपला असता
तर मी माझगावात दोर कशाला ओढले असते?

आम्ही आलो कुठून, याची घरात तीन उत्तरं.
खाला म्हणते, समुद्रातून.
अम्मी म्हणते, मुरुडहून, एसटीनं.
मामू काहीच म्हणत नाहीत.
फक्त उरुसात ढोल तापला की
त्यांच्या तोंडून चार शब्द निघतात.
अर्थ कुणालाच ठाऊक नाही,
पण एखादा चुकला तर सगळ्यांना कळतं.

बाहेर प्रश्न एकच, मराठी कुठे शिकलात?
मामू सांगतात, आईच्या पोटात.
एकदा हवालदारानं पासपोर्ट मागितला,
मामूंनी ओळखपत्र काढलं.
त्यानं ते उजेडात धरलं, तिरकं केलं,
यात तर कुणीच दिसत नाही, म्हणाला.
खरंच होतं ते.
फोटोवाल्यानं सगळा प्रकाश भिंतीला दिला होता.

म्हणून सोळा दिवस लागले.
गालाच्या हाडाखालची सावली चार वेळा खरवडली.
केस ब्रशच्या मागच्या टोकानं काढले, ओल्या रंगात,
गोल, गोल, हात दुखेपर्यंत.
डोळ्यातला ठिपका शेवटी ठेवला होता.

चाळीतल्या बायका पोरांना काजळाची तीट लावत.
माझ्या वेळी म्हणे नानीचं बोट हवेतच थांबलं.
मग हसली,
पानाच्या डब्यातला चुना घेतला
आणि गालावर पांढरी तीट लावली.
तेवढाच ठिपका ठेवला मामूंच्या डोळ्यात.
चित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश धुवायला उठले.

प्रदर्शन काळा घोड्याला.
नाव ऐकून मामू खूश, आपलाच कुणीतरी दिसतो.
इस्त्रीचा सदरा घालून आले,
चपला दाराशी काढू लागले, मी नको म्हटलं.
इतर चित्रांकडे ढुंकून पाहिलं नाही.
आपल्यासमोर उभे राहिले,
लग्नात नव्या व्याह्यासमोर राहावं तसे, थोडे अवघडून.

मग म्हणाले, कान माझा नाही.

मामू, बघून बघून काढलाय.

नाही. हा अब्बाचा.
जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचा तो,
आग कायम डाव्या हाताला.
पाळी अशीच आखडली होती, सुक्या खजुरासारखी.
तुझ्या जन्माआधीच गेला. तू कुठे पाहिलास?

मी नीट पाहिलं.
पाळी आखडलेली होती. चित्रातली.
मामूंची बघायचं धाडस होईना.

हात लावू नका, दारातून रखवालदार ओरडला.

मामूंचा हात
त्यांच्या स्वतःच्या कानावर होता.