मुखत्यार

फॉर्मवर मी दाता आहे.
छापलेलंच आहे तसं, ठळक अक्षरात.
दान देताना आमच्याकडे पाणी सोडायचे,
पळीभर, तळहातावरून ताम्हनात.
इथं काळ्या शाईचं पेन लागतं.

हडर्सफील्ड. मार्चातला मंगळवार.
कचऱ्याचे डबे रस्ताभर आडवे, रात्रीच्या वाऱ्यानं.
शेजारचे ॲक्रॉइड इस्त्रीचा शर्ट घालून आलेत साक्षीला.
एकोणीस वर्षं ओळखतात मला; कायद्याला दोन पुरतात.
त्यांनी ग्वेनला स्वयंपाकघरात पाठवलं,
दार लावलं, कागदावर बोट ठेवून विचारलं,
मिसेस खांबेटे, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का?
मी म्हटलं, हो. गुडघे.
ते हसले नाहीत. पुन्हा विचारलं.
मग मीही नीट उत्तर दिलं.

ग्वेन माझी कोण, असा रकाना नाही. बरं झालं.
सून होती अकरा वर्षं. मग निरंजन कॅलगरीला गेला
आणि तिथलाच झाला.
कोर्टानं नवरा-बायकोचा कागद फाडला,
सासू-सुनेचा कागद कुणी मागितलाच नाही,
तेव्हा ती येत राहिली, दर गुरुवारी.
हे गेले त्या वर्षी आठ महिने माझा बाजार तिनं केला.
बिस्किटांच्या डब्यात पावत्या, तारखेनं लावलेल्या,
प्रत्येकीला उरलेली चिल्लर चिकटवलेली:
चाळीस पेन्स, सात पेन्स,
एकदा एकच पेनी, सेलोटेपखाली.
माझं तेव्हाच ठरलं होतं. सही तेवढी आज.

निरंजनचं नाव 'कळवायच्या व्यक्तीं'मध्ये घातलंय.
पत्ता वहीत बघावा लागला.

नाताळच्या आधी मॉरिसन्सबाहेर
मी गाडीला टेकून उभी राहिले आणि गाडी शोधत होते.
डॉक्टरीण म्हणाली, नंतर शिकलेली भाषा
कधी कधी आधी जाते.
म्हणजे इंग्रजी उठून जाईल, चहाला न थांबता,
आणि मी उरेन मराठीत,
ग्वेनसमोर, जिला मराठीतलं 'पोहे' एवढंच येतं.

मुखत्यार. शब्द अरबी आहे, हे सांगायचे,
निवडलेला माणूस.
मला त्यात मुखच दिसतं, तयार असलेलं.
उसनं तोंड.

गेल्या गुरुवारी एका कागदावर लिहून दिलं तिला,
रोमन अक्षरांत, फ्रिजवर लावायला:
पाणी. पुरे. दुखतंय. दिवा राहू दे.
नको.
तिनं म्हणून पाहिलं. नाको. नक्को.
म्हटलं, चालेल, त्यातलं कुठलंही चालेल.

पण पाचव्या भागात, जिथं विचारतात
जगवत ठेवायचं की नाही हे कुणी ठरवायचं,
तिनं की डॉक्टरांनी,
तिथं पेन थांबलं.
तिची शंका नव्हती. आमचीच होती.
आमच्यात नको म्हणजे नको नसतं, ग्वेन.
ताटावर हात आडवा धरून नको म्हणतो आम्ही
आणि बोटांच्या फटीतून बघतो, वाढपी थांबलाय का.
आणि एक नको असतं, ज्यानंतर
कुणी आग्रह केला तर अन्न विटतं.
दोन्हींचं स्पेलिंग एकच.
हे कुठल्या चौकटीत लिहू?

ॲक्रॉइडनी घड्याळाकडे बघितलं नाही. ते मोठे सभ्य.
मी पर्याय अ खाली सही केली,
माझ्याखाली त्यांनी, पत्त्यासकट.
सगळ्यात शेवटी तिची. क्रम चुकला तर
बर्मिंगहॅमहून फॉर्म परत येतो म्हणे.

तिला हाक मारली तर ती चहाच घेऊन आली.
साखर?
मी म्हटलं, नको.
ती चमचा धरून थांबली,
माझ्या तोंडाकडे बघत राहिली जरा वेळ,
आणि अर्धा घातला.