सहा बाजू

जुन्या स्लिपरची टाच कापली.
ब्लेड शाजीचं, दाढीचं.
रबर मऊ असतं असं वाटतं, नसतं.
चौकोनी ठोकळा व्हायला तीन संध्याकाळी गेल्या
आणि एका बोटाला पट्टी.

बरणी घरून आलेल्या लोणच्याची.
सात वेळा घासली तरी
झाकण उघडलं की हिंग.
पाण्यात नीळ टाकली, जरा जास्तच पडली.
तळ दिसेना. बरंच झालं.

सुरुवातीला दर वेळी एकच बाजू वर यायची.
कितीही हलवा, आपलं "नाही".
मग ठोकळा बाहेर काढून पुसायचा, तासायचा,
पुन्हा सोडायचा, पुन्हा तासायचा.
नशिबालाही वजन सारखं करून द्यावं लागतं
हे मला सोहारमध्ये येऊन कळलं.

मार्कर कामावरचा, पट्ट्यांवर नंबर घालायचा.
हो. नाही. थांब.
आज नको. परत विचार.
सहावी बाजू उरली तेव्हा डाळ उतू जात होती,
घाईत लिहिलं: गप जेव.

दिवसभर मी बंदरात क्रेनवाल्याला हात दाखवतो.
बोट वर, उचल. मूठ, थांब.
बावीस टन माझ्या हाताकडे बघत लटकतात.
खोलीत आल्यावर
भात दोन वाट्या लावायचा की तीन
तेही मला ठरवता येत नाही.

शुक्रवारी चौदा नंबरच्या दारात चपला वाढल्या.
बरणी मराठीत बोलते
आणि वाचणारा मी एकटा.

गुलरेझने विचारलं, इस बार बेटा होगा?
वर आलं: गप जेव.
मी वाचलं, दुआ करो, खान.
तो बरणीला सलाम करून गेला.

शफीकुलने ती बराच वेळ मांडीवर धरली.
दलाल धाकट्या भावाच्या व्हिसाचे पैसे मागतोय.
तळ्याकाठचा तुकडा विकला तर भागेल.
बुलाऊं क्या उसको इधर?
त्याने हलवली, झाकण मी काढलं.
हो.
काळं, ओलं, कुठेही न पुसलेलं हो.

मी म्हटलं, नहीं बोलता है.
आणि झाकण फिरवलं, गरजेपेक्षा घट्ट.

कोपऱ्यात दिलबहादूर कांदा चिरत होता.
त्याची शाळा याच अक्षरांत झाली,
आणि त्याच्या भाषेतही
हो म्हणजे हो.
सुरी थांबली.
मग पुन्हा सुरू झाली.

रात्री एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
उशीखाली आणखी दोन वर्षांचा कागद,
सही रविवारपर्यंत.
मुलगी हल्ली फोनवर येत नाही,
अभ्यास करतेय, सुनेत्रा सांगते,
आणि मागून मालिकेचं हसू ऐकू येतं, त्यात तिचंही.

बरणी हलवली. झाकण काढवेना.
इतरांसाठी मी होतो.
माझं उत्तर मला वाचता येतं, हीच पंचाईत.

वरच्या बंकवरून दिलबहादूर उतरला.
काही न बोलता बरणी घेतली,
माझ्याकडे पाठ करून उघडली.
हिंगाचा वास खोलीभर.
चार पानांचं पत्र वाचावं
इतका वेळ तो आत बघत राहिला.

क्या लिखा है?

जा, तो म्हणाला. घर जा.

सहापैकी एकाही बाजूवर
मी तो शब्द लिहिला नव्हता.

त्याने बरणी कपाटावर ठेवली,
अंधारात चपला चाचपल्या, चुकून माझ्या घातल्या,
आणि बादली ओतायला बाहेर गेला.

कागद अजून उशीखालीच आहे.
आज शनिवार.