सोळा

साबाए गावात बर्फ पडतं तेव्हा आवाज होत नाही,
होते ते आवाज कमी होत जातात.
आधी रस्ता, मग समोरच्या कारखान्याचा पट्टा,
सगळ्यात शेवटी माझं पॉलिशचं चाक.

एकतीस वर्षं मी चष्म्यांच्या फ्रेमा घासते.
टायटॅनियमच्या काड्या, बिजागरीजवळचा तो कोपरा
जिथे बोट पोचत नाही, नजर पोचते.
माझी नजर वितीच्या आतली.
वितीपलीकडचं सगळं भिंगांच्या भरवशावर:
उणे नऊ, उणे साडेनऊ.
चष्म्यांच्या गावात याचं कुणाला काय कौतुक.

गेल्या महिन्यात कंपनीची तपासणी.
हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, मिटू नका.
फुस्स.
वाऱ्याची चापट बुबुळावर.
डावा सोळा, उजवा सोळा.
सोळा आणे ठीक, मी मनात म्हटलं
आणि कोट घालायला उठले.

कुमागाई डॉक्टरीणबाई उठल्या नाहीत.
डोळ्याच्या मागच्या भिंतीचा फोटो बघत राहिल्या,
मी ओरखडा शोधते तशा, श्वास धरून.
मग अंधाऱ्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं.
ठिपका दिसला की दाबा.
मी दाबत गेले.
मधे मधे खूप वेळ काहीच येईना;
वाटलं, मशीन दम खातंय.

मशीन दम खात नव्हतं.

कागद छापून आला. नाकाच्या बाजूला, वर,
काळी कोर.
पण मला तिथे काळं कधीच दिसलं नव्हतं!
तिथे असायला हवं तेच दिसायचं,
भिंत असली की भिंत, बर्फ असलं की बर्फ.
डोळा फाटतो तिथे मन ठिगळ लावतं,
आणि टाका इतका बारीक
की माझ्यासारखीलाही सापडू नये.

"पण सोळा तर बरोबर आहे ना?"

बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या,
"तुमच्या छपरावरचं बर्फ कोण काढतं?"

मी आठ वर्षांची असताना
सगळ्या गल्लीवर बर्फ सारखंच साचलं होतं, कमरेएवढं.
पडलं एकच छप्पर, तोयोझोमामाच्या शेडचं.
आणखी दोन यंत्रं मावावीत म्हणून
त्याने शेड लांबवली होती, मधले खांब काढून.
वासे तेच. ताणलेले.
तेव्हा बर्फाला कुणी बोल लावला नाही.

"डोळा लांबलाय तुमचा," बाई म्हणाल्या.
"वाढीच्या वयातच. मागची भिंत पातळ झाली,
नस जिथून बाहेर पडते तिथे तर फारच.
दुसऱ्या कुणाला सोळा पेलले असते.
तुमचे बारा करू."

रात्री आईचा फोन. वय सत्त्याऐंशी.
"कोतात्सूच्या रजईत टॉर्च लावून वाचायचीस,
मला माहीत होतं.
मी काणाडोळा केला."
मी म्हटलं, "तसं नसतं गं."
कसं असतं, तिने विचारलं नाही.
बराच वेळ आम्ही दोघी
आपापल्या खिडकीतलं बर्फ ऐकत राहिलो.

थेंबांचा एक विनोद आहे: पापण्या लांब होतात.
पॅकिंगमधली रिनो विचारते, कुठला मस्कारा?
मी नाव सांगत नाही.
त्या पापण्या आता भिंगाला आतून घासतात,
बारीक रेघा उठतात,
आणि जेवणाच्या सुट्टीत मी माझाच चष्मा पुसत बसते.

गेली ती कोर परत येत नाही.
बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं,
बरं केलं.

रात्री दहा.
फावडं दाराशी उभं करून ठेवलंय,
उजाडलं की इवाओ छपरावर चढेल.
मी मान मागे टाकते.
एक थेंब इकडे, एक तिकडे.
डोळे मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर
बोट दाबून बसायचं, दोन मिनिटं.
इथे बोट पोचतं.
वर वासा करकरतो.