नावे, जमा

प्रभू, यंदा उपकारस्तुतीच्या रविवारी
मी रिकाम्या हातानं आले, तू पाहिलंसच.
ब्रह्मपुरीच्या चढावर माझ्यापुढे
कुणाच्या डोक्यावर गुळाची ढेप, कुणाच्या काखेत कोंबडी,
चोपड्यांच्या सुनेनं तर कणसांची अख्खी मोळी आणलेली.
उपासनेनंतर लिलाव व्हायचा होता.
माझं शिलाई मशीन मार्चातच विकलं गेलं,
पेन्शन म्हणावं असं काही नाही.
म्हणून आदल्या रात्री कॅलेंडरचं जुनं पान फाडलं,
चष्मा पुसला
आणि पाठकोऱ्या बाजूवर नावं लिहीत बसले.

पहिलं हसीना मुल्लाणीचं.
मोतीबिंदूनंतर महिनाभर, दिवसातून चार वेळा
जिना चढून येऊन तिनं डोळ्यांत थेंब घातले.
"वर बघा मावशी," म्हणायची.
वर बघायला पाळकसाहेबांनीही शिकवलं,
पण हनुवटी धरून, हसीनानं.

मग गंगावेशीच्या कट्ट्यावरचे खाडे पैलवान.
दोन महिने उधारीवर धारोष्ण दूध दिलं
आणि म्हैस आपली नव्हेच
अशा तोंडानं दुसरीकडे बघत राहिले.
के.एम.टी.चा एक कंडक्टर. नाव ठाऊक नाही.
थांबा नसताना दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली त्यानं.
"टेंबलाईच्या गाडीवरचा, मिशीवाला" असं लिहिलं,
तू ओळखशील.
सलोमी टीचर. रविवारशाळेत माझं वचन अडखळलं
तेव्हा नुसते ओठ हलवून
पुढचा शब्द देणारी.
तिला मातीत जाऊन चाळीस वर्षं झाली, अजून देते.

लेकीचं लिहिलं. जावयाचंही, जरा थांबून.

ह्यांचं मात्र लिहवेना.
उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं लेथपुढं उभा राहिलेला माणूस.
नखातलं काळं ईस्टरलासुद्धा निघायचं नाही.
लग्नातला एक उखाणा सोडला
तर त्यांचं नाव मी तोंडानं घेतलेलं नाही,
पेनानं कसं घ्यावं?
नुसतं "हे" लिहिलं. तुला कळतं.

आणि शेवटी एक नाव लिहिलं आणि खोडलं.
जयवंत आवळे, मंडळीचे खजिनदार.
ह्यांची पेटी उन्हात ठेवून
थकलेल्या वर्गणीच्या पावत्या मागणारे.
सहा वर्षं मी त्यांचा सलाम घेतला नाही.
पण पहिलं खोरंही त्या दिवशी त्यांनीच उचललं,
आणि सगळे पांगल्यावर
एकटे वाकून माती थापत होते तेही तेच.
म्हणून लिहिलं.
पावत्या आठवल्या, म्हणून खोडलं.
दोनदा, दाबून.

कागद दानाच्या पिशवीत टाकला. पिशवी पुढे गेली.
अंगणात भोपळा नव्वदला सुटला,
कोंबडी पळाली, पोरं तिच्यामागं थेट नदीपर्यंत.

पुढच्या रविवारी फळ्यावर हिशेब लागला,
आवळ्यांच्या तिरक्या अक्षरात.
रोख इतकी. धान्य इतकं. लिलाव इतका.
आणि तळाला, जमेच्या बाजूला:
नावे, अठरा.

साखर कारखान्यात जन्मभर खतावण्या लिहिलेला माणूस.
नावे म्हणजे देणं, ते जमेत कुणी मांडत नाही,
हे त्यांना मी सांगू?

घरी येऊन बोटांवर मोजलं. परत मोजलं.
माझी सतराच होतात.

खोडलेलं वाचायला कागद उजेडाला धरावा लागतो, प्रभू,
आणि जरा वेळ धरून ठेवावा लागतो.
आवळ्यांनी तो धरला.
तू तर रोजच धरत असशील.

येत्या रविवारी सलाम आधी मी घालीन म्हणते.
गूळ न्यावा तर त्यांना साखरेचा त्रास,
भाजक्या शेंगा नेईन मूठभर.
आमेन तेवढं राहू दे आत्ता.
त्यांनी सलाम घेतला की म्हणेन.